खाली नागमोडी रेघ मारा आणि पुढे लिहा

गेल्या वर्षी पावसाळा नुकताच सुरू झाला होता, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतला मुलगा मला वही दाखवायला आला. मी यूपीएससी-एमपीएससीच्या मुलांची लेखी उत्तरं तपासून देते, त्यामुळे वहीत उत्तरं असतील असं मी धरून चालले होते. उघडली तर टाइमटेबल. चार रंगांच्या पेनांनी आखलेलं, पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंतचं, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, रिव्हिजनला वेगळी खूण. मागच्या पानावर त्याआधीचं टाइमटेबल होतं आणि त्याच्या मागे त्याच्याही आधीचं. नऊ महिन्यांत सहा झाली होती. अप्पा बळवंत चौकातून त्याने एकाच विषयाची चार-चार पुस्तकं आणली होती, त्यातलं कुठलं धरायचं हे ठरवायला. नोट्सच्या चार जाड वह्या भरल्या होत्या. वेळ लावून लिहिलेलं उत्तर मात्र एकही नव्हतं.

"मॅडम, एकदा सिलॅबस कव्हर होऊ द्या. मग टेस्ट सिरीज लावतो. अर्धवट तयारीवर लिहून काय फायदा?"

हा मुलगा आळशी नाही, हे आधी सांगते. गावाहून दर महिन्याला मोजके पैसे येतात, रूमवर दोघं मिळून एकच डबा खातात आणि दिवसाचे अकरा-बारा तास हा खुर्चीवर असतो. असे तरुण-तरुणी मी दरवर्षी पाहते. त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती कष्ट कुठे जिरतात याबद्दल. म्हणून हा लेख. परीक्षेच्या मुलांपुरताच नाही, तर ज्याची कादंबरी, दुकान, पदविका, घराची डागडुजी किंवा सकाळचं चालणं 'नीट तयारी झाली की' सुरू होणार आहे, त्या प्रत्येकासाठी.

परफेक्शनिस्ट म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे हा शब्द कौतुकाने वापरतात. "आमची मुलगी फार परफेक्शनिस्ट आहे हो," असं आई सांगते तेव्हा तिला म्हणायचं असतं की मुलीला हलगर्जी खपत नाही. पण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक, काम उत्तम व्हावं असा ध्यास. दुसरी, चूक झाली तर आपली किंमत कमी होईल ही भीती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोघंही रात्री जागतात आणि दोघंही तीन वेळा तपासतात. फरक हातातून काम सुटण्याच्या वेळी कळतो. ध्यास असणारा माणूस काम देऊन टाकतो आणि पुढचं घेतो. भीती असणाऱ्याच्या हातून ते सुटतच नाही.

हा फरक अभ्यासांतूनही दिसला आहे. चालढकल आणि परफेक्शनिझम यांच्यावरचे बरेच अभ्यास २०१७ साली एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा ज्यांची स्वतःकडून अपेक्षा उंच होती ते लोक कामं उलट कमी टाळत होते. टाळत होते ते चुकांची आणि लोकांच्या मताची धास्ती घेणारे. म्हणून 'अपेक्षा कमी कर रे बाबा' हा सल्ला मला कधीच पटला नाही. अपेक्षा राहू द्यावी. इलाज करायचा तो भीतीवर.

ही भीती येते कुठून? पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा हा एक. आजूबाजूच्यांकडून तीच अपेक्षा हा दुसरा. आणि तिसरा, 'लोकांना माझ्याकडून निर्दोषच हवं आहे, त्याखाली काही चालणार नाही' अशी मनाची पक्की समजूत. माणसाला सर्वांत जास्त पोखरतो तो हा तिसरा. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. त्यात स्वतःकडूनची अपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि 'लोकांना माझ्याकडून हवं आहे' ही समजूत तब्बल ३३ टक्क्यांनी.

माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या गावात तो पुण्याला 'कलेक्टर व्हायला' गेला आहे. प्रत्येक सणाला कोणीतरी विचारतं, कुठवर आलं? अशा वेळी दहापैकी तीन मार्क मिळालेलं उत्तर हे त्याच्यासाठी साधं उत्तर राहत नाही. गावाला कळलेला निकाल होतो तो.

तयारी करताना बरं का वाटतं

चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं आपण समजतो आणि मग आणखी एक टाइमटेबल करतो. फ्यूशिया सिरवा आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली वेगळी मांडणी केली: चालढकल हा मुळात मनःस्थिती सावरण्याचा प्रयत्न असतो. समोरचं काम पाहून पोटात गोळा येतो, काम बाजूला सारलं की गोळा विरघळतो. हा आराम खराच असतो आणि लगेच मिळतो, म्हणून सवय पटकन लागते.

आता यात एक फार फसवी गोष्ट आहे, आणि मला सगळ्यात जास्त ती सांगायची आहे. काम टाळून रील्स बघत बसलेल्या माणसाला आपण टाळतोय हे निदान ठाऊक असतं. तयारीच्या रूपाने काम टाळणाऱ्याला ते कळतच नाही. टाइमटेबल आखताना घाम येतो, नोट्स काढताना बोटं दुखतात, कुठलं पुस्तक चांगलं याच्या चर्चेत संध्याकाळ जाते. दिवसअखेर थकवा खरा असतो, आणि थकवा हाच कामाचा पुरावा वाटतो. जिथे आपली परीक्षा होऊ शकते, त्या जागी मात्र आपण गेलेलोच नसतो.

स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांचा १९७८ सालचा एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. त्यांनी काही विद्यार्थ्यांना सुटूच न शकणारे प्रश्न सोडवायला दिले आणि नंतर सांगितलं, वा, फार छान केलंस. आपण तर अंदाजाने उत्तरं ठोकली होती, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. पुढच्या चाचणीआधी त्यांना दोन औषधांमधून एक निवडायला सांगितलं: एक बुद्धी तल्लख करणारं, दुसरं मंद करणारं. अशा फुकटच्या शाबासकीनंतर, विशेषतः मुलग्यांनी, बुद्धी मंद करणारं औषध जास्त निवडलं. कारण सरळ आहे. पुढे अपयश आलं तर दोष औषधाला देता येतो, आणि 'हुशार' ही ओळख शाबूत राहते.

शाळेत सतत पहिला आलेला मुलगा पुण्यात येतो तेव्हा त्याच्याही खिशात असंच एक औषध असतं. त्याचं नाव 'सिलॅबस अजून पूर्ण झाला नाही'. जोवर पूर्ण तयारीनिशी लिहिलेलं नाही, तोवर पूर्ण तयारीनिशी आपण नापास होऊ शकतो हे सिद्ध होत नाही. हे तो मुद्दाम करत नाही. त्याला ते दिसतही नाही. म्हणूनच त्याच्यावर ओरडून काही उपयोग नसतो.

आणि आपल्या भाषेनेही या भीतीला एक शब्द देऊन ठेवला आहे: आरंभशूर. सुरू करून सोडणाऱ्याला आपण हे नाव ठेवतो. सुरूच न करणाऱ्याला ठेवायला तितका बोचरा शब्द नाही. त्याला आपण म्हणतो, विचारी आहे, घाई करत नाही. त्यात गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, एक तारीख, सोमवार हे सगळे मुहूर्त आपल्या बाजूने उभे असतात. मुहूर्तावर नारळ फोडायला माझी हरकत नाही. मुहूर्तासाठी काम थांबतं तेव्हा आहे.

टाइमटेबलात ताप येत नाही

प्लॅन केल्याने काम सोपं होतं, हे काही अंशी खरं आहे. पण प्लॅनची एक मूळ अडचण १९७९ साली डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवून दिली. भविष्यातल्या कामाचा अंदाज बांधताना माणूस त्या कामाची एक सुरळीत गोष्ट मनात रचतो. यापूर्वी अशा कामांचं प्रत्यक्षात काय झालं होतं, हे तो विचारात घेत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी संपेल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला. सगळं बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं, तेव्हा उत्तर आलं ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ ते ५६. म्हणजे सर्वांत वाईट कल्पनासुद्धा वास्तवाच्या अलीकडेच राहिली.

कागदावरच्या टाइमटेबलात ताप येत नाही, रूममेटचं लग्न ठरत नाही, गावाकडून आजी गेल्याचा फोन येत नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आपल्याला काय माहीत नाही, यातला काही भाग पुस्तकात सापडतो. दुसरा भाग कुठेच लिहिलेला नसतो. तो कामात हात घातल्यावरच समोर येतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला तीन तासांत २० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत माझा हात किती शब्द लिहितो, प्रश्न वाचून विचार करण्यात किती जातात, सतराव्या प्रश्नाला अक्षर कुठवर ढासळतं, वाचलेलं सगळं आठवत असूनही मांडणी का सुचत नाही: या प्रश्नांची उत्तरं अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. पहिलं उत्तर लिहीपर्यंत तर हे प्रश्नही पडत नाहीत. टिळक तलावावर आम्हाला पाठीला डबा बांधून पाण्यात सोडायचे, तेव्हा काठावर बसून समजलेलं एकही तत्त्व पहिल्या दोन मिनिटांत उपयोगी पडलं नव्हतं. नाकात पाणी गेल्यावर मान कुठे ठेवायची ते कळलं.

भांडारकर संस्थेतली रेघ

"पण मॅडम, दर्जाचं काय?" हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. त्याला उत्तर म्हणून मी मुलांना विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची गोष्ट सांगते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांना ती ठाऊक नसते.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करायचं काम तिथे १९१९ साली सुरू झालं. देशभर विखुरलेली हस्तलिखितं गोळा करायची, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (दक्षिणेतली एक जुनी लिपी), मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांमधली ती श्लोकागणिक ताडून पाहायची, आणि त्यातून उपलब्ध पुराव्यानुसार सर्वांत जुना ठरेल असा पाठ निश्चित करायचा. या कामात एकूण १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. काटेकोरपणाला याहून कठीण कसोटी मला तरी सुचत नाही. एखाद्या शब्दावरून विद्वानांनी आयुष्यभर भांडावं असा हा ग्रंथ. परफेक्शनची भीती वाटायचीच, तर ती इथे वाटायला हवी होती.

त्यांनी काय केलं? १९२३ साली, म्हणजे अवघ्या चार वर्षांत, ना. बा. उत्गीकरांनी संपादित केलेली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती छापून विद्वानांच्या हाती दिली. 'तात्पुरती' असं म्हणूनच दिली. आमची पद्धत ही अशी आहे, यात काय चुकतंय ते सांगा. त्यावर मतं आली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि पद्धत पुन्हा नीट बसवली गेली. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग निघाला, १९३३ साली आदिपर्व पुरं झालं. तात्पुरत्या विराटपर्वाच्या जागी रघुवीर यांनी संपादित केलेलं पक्कं विराटपर्व १९३६ साली आलं. संपूर्ण आवृत्ती, १९ खंडांची, १९६६ साली पूर्ण झाली. सुखटणकर ते पाहायला नव्हते, ते १९४३ सालीच गेले. पण त्यांनी छापलेले भाग तोवर जगभरचे अभ्यासक वापरत होते.

त्या खंडांमध्ये एक छोटीशी गोष्ट आहे, जिने मला वैयक्तिकरीत्या फार मदत केली. संपादकांना जिथे पाठाची खात्री नव्हती, तिथे त्यांनी त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली आहे. हा पाठ शंभर टक्के पक्का नाही, पुराव्यावरून आम्हाला सध्या हाच योग्य वाटतो, असा तिचा अर्थ. शंका लपवली नाही आणि शंकेसाठी पुस्तकही अडवून धरलं नाही. शंकेच्या जागेवर खूण केली आणि पुढचा श्लोक घेतला.

मी त्या मुलाला हेच करायला सांगितलं. आज एक प्रश्न घे, नऊ मिनिटं लाव. जिथे आकडा नक्की आठवत नाही, कलमाचा क्रमांक डळमळीत आहे, उदाहरण कच्चं वाटतंय, तिथे खाली नागमोडी रेघ मार आणि पुढे लिही. थांबायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही. नऊ मिनिटांनी पेन खाली. (ही सरावापुरती खूण, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नव्हे, हेही सांगावं लागतं.)

पहिलं उत्तर त्याने तीन दिवसांनी आणलं. तीन दिवस का लागले हे मी विचारलं नाही. दीड पान, त्यात अकरा नागमोडी रेघा. मी दहापैकी तीन मार्क दिले. पण त्या अकरा रेघा म्हणजे त्याचा त्या विषयाचा खरा अभ्यासक्रम होता. चार वह्यांच्या नोट्सपैकी नेमकं काय पुन्हा वाचायचं, हे त्याला पहिल्यांदा कळलं, तेही त्याच्याच हस्ताक्षरात. दोन महिन्यांनी रेघा तीन-चारवर आल्या. मार्क साडेचार-पाचच्या आसपास आहेत. निवड होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण आता तो तयारी करतोय आणि ती कशाची करतोय हे त्याला माहीत आहे.

सुरुवात किती लहान असावी

धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली, डिसेंबर १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी अशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली हिंगण्याला ते सुरूही झालं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच होत्या. विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी आली ती नंतर, १९२० साली. देणगी, इमारत, मान्यता यांची वाट पाहिली असती तर देणगी देणाऱ्याला बघायला तरी काय मिळालं असतं? विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कर्वे ५८ वर्षांचे होते.

अगदी घरगुती उदाहरण घ्यायचं तर आमच्या सोसायटीतल्या काकूंचं आहे. त्यांना थालीपिठाची भाजणी करून विकायची होती. दोन वर्षं नाव, लोगो आणि पिशवी कशी असावी यातच गेली. बोहरी आळीतून डब्यांचे नमुने आणून ठेवलेले मी पाहिले आहेत. शेवटी त्यांच्या सुनेने अर्धा-अर्धा किलोच्या साध्या पिशव्या भरल्या आणि ओळखीच्या आठ घरी दिल्या. "आई, लोगो नंतर. आधी खाऊ तर द्या." चवीबद्दल कोणाचीच तक्रार आली नाही. पाच घरांमधून मात्र एकच गोष्ट आली: पाणी किती घालायचं कळत नाही, थालीपीठ तुटतं. काकू गेली ४० वर्षं पाणी हाताच्या अंदाजाने घालतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधीच आला नसता. आता पिशवीत मापाची चिठ्ठी असते. खाद्यपदार्थ विकायला लागणारी नोंदणीही त्यांनी रीतसर केली. लोगो अजून व्हायचा आहे.

या लहान सुरुवातीला तीन गोष्टी मदत करतात, असं माझ्या अनुभवाला आलं आहे.

पहिली, 'पुरेसं' म्हणजे किती हे काम सुरू करण्याआधी ठरवणं. हर्बर्ट सायमन यांनी, ज्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५० च्या दशकातच मांडलं होतं की माणसाकडे वेळ आणि माहिती दोन्ही तुटपुंजी असतात. त्यामुळे सर्वोत्तम शोधत बसण्यापेक्षा गरज भागेल अशी एक रेषा आखून ती ओलांडणारा पहिला पर्याय उचलणं हेच शहाणपणाचं असतं. रेषा आधी आखायची, कारण काम करताना ती आपोआप वर सरकते. तीन मुद्दे, एक उदाहरण, नऊ मिनिटं, संपलं. सर्वोत्तमाच्या मागे लागणाऱ्यांना काहीच मिळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पदवीनंतर नोकरी शोधणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात अशा मुलांना पहिला पगार सुमारे २० टक्के जास्त मिळाला होता. फक्त मिळालेल्या नोकरीवर ते इतरांपेक्षा कमी समाधानी होते.

दुसरी, 'कधी आणि कुठे' हे एका वाक्यात बांधणं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं हे काम आहे. 'मी रोज लिहीन' हा संकल्प हवेत राहतो. 'अभ्यासिकेत बाटली टेबलावर ठेवली, की फोन बॅगेत टाकून एक उत्तर लिहीन' यात एक घटना दुसरीला ओढून आणते, त्या क्षणी ठरवावं लागत नाही. २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि या साध्या युक्तीचा परिणाम चांगलाच ठळक निघाला. प्लॅनिंगवर माझा राग नाही, हे यावरून लक्षात यावं. एक ओळीचा प्लॅन फार गुणाचा असतो.

तिसरी, अर्धवट सोडण्याची मुभा. मारिया ओव्सियांकिना यांनी १९२८ साली पाहिलं की सुरू केलेलं काम मध्येच थांबवलं, तर कोणी न सांगताही बहुतेक माणसं संधी मिळताच त्याच्याकडे परत जातात. सुरू झालेलं काम मनाला ओढ लावतं, न सुरू झालेलं नाही. म्हणून पाच मिनिटंच करायचं असं ठरवून बसलेला माणूस पुष्कळदा अर्धा तास बसतो. आणि नाहीच बसला, तर पाच मिनिटं तरी झाली.

कधी कधी मात्र हे सगळं करूनही हात उचलत नाही. झोप उडते, जेवण जात नाही, एकच गोष्ट शंभरदा तपासल्याशिवाय चैन पडत नाही, जगणंच नकोसं वाटतं. तेव्हा ही सवयीची गोष्ट राहिलेली नसते. त्या वेळी युक्त्या बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. पेठांमधल्या खोल्यांमध्ये एकट्याने राहणाऱ्या मुलांनी हा क्रमांक फोनमध्ये ठेवावाच, असं मी प्रत्येकाला सांगते.

जिथे कच्चं चालत नाही

पुण्यात राहून हे सांगितलं नाही तर लेख खोटा ठरेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. धरणाचं काम पुरतं झालेलं नसताना त्यात पावसाळ्याचं पाणी साठलं होतं. त्या दिवशी नदीकाठच्या पेठांमध्ये काय झालं हे आमच्या घरातल्या थोरांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. धरण, पूल, शस्त्रक्रिया, औषधाची मात्रा, घराच्या कर्जाचा करार: इथे तात्पुरती आवृत्ती नसते. तिथे शंभरदा तपासणं हेच काम आहे.

मी स्वतःला एकच गोष्ट विचारते. हे चुकलं तर उद्या परत करता येईल का, आणि चुकीची किंमत फक्त मलाच मोजावी लागेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर तयारी थांबवून सुरू करायला हरकत नाही. सरावाचं उत्तर, आठ घरांची भाजणी, पहिली कविता, तळजाईच्या टेकडीवरचं पहिलं धावणं हे सगळं या बाजूचं. आपली अडचण अशी की आपण या सगळ्याला धरणाइतकं जपतो.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, याचं कारण माझ्या घरात आहे. भोरजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. किती, ते मोजलेलं नाही. २०१३ साली मी ठरवलं की त्या सगळ्या नोंदवून ठेवायच्या. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते काम मला माहीत होतं. आपलंही तसंच शास्त्रशुद्ध व्हावं असं वाटलं. मग चांगला रेकॉर्डर घ्यायचा ठरला. प्रश्नावली तयार केली, दोनदा बदलली. बोलीतले शब्द कसे लिहायचे याचे नियम केले. दिवाळीत घरात गोंधळ असतो म्हणून उन्हाळ्यात, उन्हाळ्यात पंख्याचा आवाज येतो म्हणून हिवाळ्यात. आत्याकडे मी या काळात कितीतरी वेळा गेले, जेवले, राहिले. फोन प्रत्येक वेळी पर्समध्ये होता.

२०१९ साली ती अंगणात पडली. त्यानंतर तिची आठवण हळूहळू जात गेली. रेकॉर्डर घेऊन मी गेले तेव्हा ती पहिली ओळ म्हणायची, दुसरीपाशी अडायची आणि माझ्याकडे पाहत राहायची.

आज तिच्या आवाजातलं एकच रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. माझ्या भाच्याने एका हळदीच्या दिवशी, काहीही न ठरवता, फोनवर केलेलं. सव्वाचार मिनिटांचं. मांडवात भांड्यांचा आवाज आहे, कोणीतरी पोराला हाका मारतंय, मध्येच फोन हलल्याची खरखर आहे. पाच ओव्या स्पष्ट ऐकू येतात. सहावीतले दोन शब्द मला अजून लागलेले नाहीत. लिहून काढताना त्यांच्याखाली मी नागमोडी रेघ मारून ठेवली आहे. शेवटी आत्या थांबते, हसते आणि भाच्याला म्हणते, "अजून लई हायेत रं. पन आता पुरं, मान्सं जेवायला बसल्यात."